हायस्कुलाची तयारी केव्हां करावी?

“हायस्कुलांत गेल्यावर पाहूं,” हें वाक्य दरवर्षीं आमच्या कानांवर इतक्या वेळां पडतें कीं, आतां तें ऐकलें म्हणजे आम्हांस भय वाटूं लागलें आहे. सहावींतील मुलाचें वाचन अडखळत असलें म्हणजे घरचीं माणसें हेंच म्हणतात. सातवींतील मुलीस अपूर्णांकांची बेरीज येत नसली म्हणजे तीहि हेंच म्हणते. आणि खरें सांगावयाचें तर, कधीं कधीं आम्ही शिक्षकहि मनांतल्या मनांत हेंच म्हणून पुढच्या धड्याकडे वळतों. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण सर्व जाणतों. परंतु शिक्षणाच्या बाबतींत आठवीच्या पहिल्या चाचणी परीक्षेंत तहान लागते आणि मग घरांत कुदळ शोधण्याची धांवपळ सुरू होते.

या लेखांत आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. हायस्कुलाची तयारी सहावींत व सातवींत होते, आणि ती मूल, घर व शाळा या तिघांनीं मिळून करावयाची असते. जें मूल आठवीच्या किंवा नववीच्या उंबरठ्यावर अडखळतें, तें बहुधा बुद्धीनें कमी नसतें. दोन वर्षें अगोदर करावयाचें कांहीं काम राहून गेलेलें असतें. तें काम कोणतें, याचा विचार आपण करूं.

प्रथम हा उंबरठा कोठें आहे तें पाहिलें पाहिजे. इंग्रजी अमदानींत आपल्या मुलुखांत शिक्षणाचे दोन जिने होते. मराठी शाळेच्या सात इयत्ता पुऱ्या करून व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उतरलेला विद्यार्थी प्राथमिक शाळेंत शिक्षक होऊं शके. पण ज्यास कॉलेजांत जावयाचें असे, त्यास मराठी चार इयत्तांनंतरच इंग्रजी शाळेंत शिरून तेथील सात इयत्ता चढाव्या लागत व शेवटीं मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा द्यावी लागे. खेड्यांतील मुलाच्या बाबतींत हा निर्णय दहाव्या-अकराव्या वर्षींच होऊन जाई. पुढें १९४९ पासून मॅट्रिकच्या जागीं शालान्त परीक्षा आली. तीहि अकरावीची होती. कोठारी आयोगानें (१९६४-६६) दहा, दोन व तीन वर्षांच्या रचनेची शिफारस केली, आणि महाराष्ट्रांत १९७५ पासून शालान्त परीक्षा दहावीची झाली. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस आठवीपर्यंत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. तो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवी हा एक टप्पा व नववी ते बारावी हा पुढचा टप्पा धरला आहे.

नांवें बदललीं, इयत्तांचे आंकडे बदलले. परंतु जिन्यांतील उंच पायरी जवळजवळ तेथेंच राहिली. पुष्कळ गांवांतील शाळा सातवीला संपते. पुढें मुलास दुसऱ्या गांवीं जावें लागतें. ओळखीच्या एका-दोन शिक्षकांच्या जागीं विषयवार सहा-सात शिक्षक येतात. पुस्तकें जाड होतात, आणि वर्गांत सांगितलें तेवढें पुरत नाहीं. आठवी संपली कीं मोफत शिक्षणाच्या कायद्याचा हातहि सुटतो. म्हणजे अभ्यास अवघड होणें, घरापासून दूर जाणें आणि खर्च वाढणें या तिन्ही गोष्टी मुलाच्या आयुष्यांत वर्ष-दोन वर्षांच्या आंत एकदम येतात. जें मूल येथें मागें पडतें, त्याच्यासाठीं कॉलेजाचा दरवाजा पुढें बंद होत नाहीं. तो येथेंच बंद झालेला असतो, फक्त कळतें उशिरां.

आमच्याच पाहण्यांतील दोन उदाहरणें देतों. जतकडील कोरडवाहू मुलुखांतून एक मुलगा मिरजेस मामाच्या घरीं राहून शिकत असे. सातवींत त्याचे गुण इतके चांगले होते कीं, आम्हीं त्याचें नांव वर्गांत वाचून दाखविलें. आठवीच्या पहिल्या चाचणींत तो तीन विषयांत नापास झाला. आम्हीं त्यास आळशी ठरविलें आणि मामांस बोलावून तसें सांगितलेंहि. दिवाळीनंतर एके दिवशीं इतिहासाच्या पुस्तकांतील न शिकविलेलें एक पान आम्हीं त्याच्यापुढें ठेवलें व वाचून झाल्यावर चार वाक्यें स्वतःच्या शब्दांत लिहावयास सांगितलीं. अर्धा तास झाला तरी पाटी कोरीच. तेव्हां उलगडा झाला. त्याचें पाठांतर उत्तम होतें. सांगितलेलीं उत्तरें तो बिनचूक लिही. परंतु कोणी उत्तर सांगितलें नसतां मजकुरांतून तें शोधून काढण्याचा प्रसंग त्याच्यावर कधीं आलाच नव्हता. सहावी-सातवींत त्यास उत्तरें सांगणारे आम्हीच होतों. मामांस बोलावून त्याची तक्रार करण्यापूर्वीं आम्हीं आपली करावयास पाहिजे होती.

दुसरें उदाहरण मिरजेच्या पूर्वेकडील एका गांवच्या मुलीचें. सातवींत ती पहिली आली; पण जूनमध्यें पुढच्या शाळेच्या पटावर तिचें नांव नव्हतें. लग्न ठरलें असेल, असें आम्हीं धरून चाललों. वर्षभरानें चौकशी केली, तेव्हां निराळेंच निघालें. मोटारीचें रोजचें भाडें परवडणार नाहीं, एवढ्याच हिशेबावर घरच्यांनीं तिला थांबविलें होतें. ग्रामीण भागांतील मुलींस पांचवीपासून बारावीपर्यंत शाळेस जाण्यासाठीं एस. टी. चा पास मोफत मिळतो, ही गोष्ट त्या घरांत कोणास ठाऊक नव्हती. आणि सातवीचा दाखला तिच्या हातांत देतांना ती आम्हीं सांगितली नव्हती. पुढच्या वर्षीं ती शाळेंत आली. पण तिचें एक वर्ष गेलें तें गेलें. आणि तिच्या गांवच्या किती मुली अशा एका वर्षानंतरहि आल्या नसतील, हा विचार मनांतून जात नाहीं.

पहिल्या मुलास संवय नव्हती. दुसरीस माहिती नव्हती. आणि दोघांसहि, वेळेवर विचारपूस करील असें माणूस नव्हतें. संवय, माहिती व माणूस या तीन गोष्टी ज्या मुलास सातवी संपण्यापूर्वीं मिळाल्या, त्याची तयारी झाली असें आम्ही समजतों.

पहिली गोष्ट संवयीची. मिरजेच्या रहिवाशांस रियाझ हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. सतार व तंबोरे करणाऱ्या कारागिरांच्या या गांवीं विष्णु दिगंबर पलुसकर (जन्म १८७२) यांनीं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं गायनाची तालीम घेतली. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें त्यांच्या दृष्टीस इजा झाली होती. तरी वर्षानुवर्षें मेहनत करून ते १८९६ मध्यें येथून बाहेर पडले आणि १९०१ मध्यें लाहोर येथें त्यांनीं गांधर्व महाविद्यालय काढलें. गवयाची तयारी मैफलीच्या आदल्या रात्रीं होत नाहीं, हें या गांवांतील लहान मूलहि जाणतें. मग अभ्यासाची तयारी परीक्षेच्या आदल्या रात्रीं होईल, असें आपण कां मानतों?

अभ्यासाचा रियाझ कसा करावा तें सांगतों. रोज अर्धा तास न शिकविलेलें असें कांहीं तरी वाचावें. गोष्टीचें पुस्तक, वर्तमानपत्रांतील मजकूर, पुढच्या इयत्तेचा धडा, कांहींहि चालेल. मग पुस्तक मिटावें आणि काय वाचलें तें चार वाक्यांत लिहावें. पुस्तक मिटणें हा यांतील महत्त्वाचा भाग आहे. उघड्या पुस्तकावरून लिहिलें तर तें केवळ नकलून काढणें होतें. पहिल्या महिन्यांत वाक्यें मोडकीं येतील. तीं येऊं द्यावींत. अडलेल्या शब्दाखालीं रेघ मारून ठेवावी, आधीं त्याचा अर्थ मागच्या-पुढच्या वाक्यांवरून तर्कानें काढावा आणि मग कोशांत पाहावा. सहावीच्या जूनपासून हा क्रम धरला तर आठवींत जाईपर्यंत चारशेंहून अधिक वेळां मुलानें एकट्यानें मजकुराशीं झुंज घेतलेली असते. जतकडील त्या मुलाला आठवीच्या दिवाळीनंतर आम्हीं हाच क्रम लावून दिला. दहावी तो चांगल्या रीतीनें उतरला. पण मधलें दीड वर्ष त्यास दुप्पट कष्ट पडले.

ज्यांस वाटतें कीं मजकूर एकट्यानें उलगडणें हें केवळ परीक्षेपुरतें काम आहे, त्यांनीं वासुदेवशास्त्री खरे यांचें स्मरण करावें. ते मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृतचे शिक्षक होते. शाळेचें काम संभाळून त्यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील मोडी कागद वाचले, निवडले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें भागाभागांनीं प्रसिद्ध केले. त्या कागदांवर गाईड किंवा प्रश्नोत्तरें कोणी छापलेलीं नव्हतीं.

आतां गणिताकडे वळूं. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ मध्यें रुग्णालय उघडल्यापासून हें गांव वैद्यकासाठीं सर्वत्र ओळखलें जातें. १९६२ मध्यें येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि स्थापन झालें. त्यामुळें “मोठेपणीं कोण होणार?” असें विचारलें कीं आमच्या सहावीच्या वर्गांत डॉक्टरांची गर्दी उसळते. ही इच्छा उत्तम आहे. पण तिचा जिना वरून खालीं उतरून पाहिला पाहिजे. वैद्यकीय प्रवेशासाठीं बारावीनंतर नीट परीक्षा द्यावी लागते. तींत पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे विषय असतात. म्हणून अकरावी-बारावीस ते घ्यावे लागतात. ते समजण्यास नववी-दहावीचें विज्ञान व बीजगणित पक्कें लागतें. आणि बीजगणिताचा सर्व डोलारा उभा राहतो तो अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर व ऋण संख्या यांच्यावर. हे विषय सहावी-सातवीचे आहेत.

एक हिशेब पाहा. एखाद्या औषधाची मात्रा मुलाच्या वजनाच्या दर किलोग्रॅमास १० मिलिग्रॅम अशी ठरलेली आहे. मुलाचें वजन १८ किलोग्रॅम. म्हणजे औषध १८० मिलिग्रॅम द्यावयाचें. बाटलीवर लिहिलें आहे कीं, ५ मिलिलिटर द्रवांत १२० मिलिग्रॅम औषध आहे. तर किती द्रव द्यावा? उत्तर साडेसात मिलिलिटर. हें गणित वैद्यकीय महाविद्यालयांत कोणी शिकवीत नाहीं. तें सातवींतील त्रैराशिक आहे, आणि तें येत असेल असें तेथें गृहीत धरलेलें असतें. दवाखान्यांतील परिचारिकेस, औषधविक्याला, एवढेंच काय, घरांतील आईलाहि तें लागतें. म्हणून सातवी संपण्यापूर्वीं प्रत्येक मुलानें स्वतःस विचारावें: दोन अपूर्णांकांची बेरीज मला पुस्तकाशिवाय करतां येते काय? शेंकडेवारी काढतां येते काय? उणे पांचांतून उणे तीन वजा केले तर काय उरतें, तें कारणासह सांगतां येतें काय? यांपैकीं जें येत नसेल, तें लाज न धरतां पांचवीच्या पुस्तकापासून पुन्हां शिकावें. खालची वीट पोकळ ठेवून वरची भिंत चढविण्यापेक्षां हें शंभर पटींनीं बरें.

मराठी माध्यमाच्या मुलांस आणखी एक अडचण येते. दहावीपर्यंत ‘घनता’, ‘त्वरण’, ‘पेशी’ हे शब्द पाठ झालेले असतात. अकरावीच्या विज्ञान शाखेंत तेच विषय इंग्रजींतून येतात आणि हुशार मुलगा एकाएकीं मुका होतो. त्यास विषय येत असतो, पण विषयाचें नांव ओळखूं येत नाहीं. यावर उपाय सोपा आहे. सहावीपासून एक वही करावी. डाव्या बाजूस मराठी शब्द, उजव्या बाजूस त्याचा इंग्रजी पर्याय, आणि खालीं आपल्या भाषेंत एका वाक्यांत अर्थ. आठवड्यास पांच शब्द घेतले तरी दहावीपर्यंत हजाराच्या घरांत शब्द जमतात. मातृभाषेंत समजून घेतलेलें ज्ञान हें भांडवल आहे. दुसऱ्या भाषेंतील शब्द ही त्याची मोड आहे. भांडवल टाकून मोडीच्या मागें लागूं नये. पण बाजारांत जातांना मोड खिशांत असावी.

संवयीनंतर घराचा विचार केला पाहिजे, कारण संवय घरांतच लागते. “आमच्या घरीं जागा नाहीं, अभ्यास कोठें करणार?” असें मुलें म्हणतात, आणि तें खोटें नसतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारच्या सरकारी हायस्कुलांत, इंग्रजी पहिल्या इयत्तेंत घातलें गेलें; तीच शाळा पुढें प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. सातारा सोडून हें कुटुंब मुंबईस गेलें, तेव्हां परळच्या चाळींत सर्वांस मिळून एकच खोली होती. वडील रामजी सुभेदार मुलास संध्याकाळीं लवकर झोपवीत, स्वतः रात्रीं दोनपर्यंत जागत, मग त्यास उठवून अभ्यासास बसवीत आणि त्याच्या जागेवर आपण झोंपत. १९०७ मध्यें मुलगा मॅट्रिक झाला. जागा नव्हती, हें खरें. पण वेळ वांटून त्या बापानें जागा निर्माण केली. आमच्या पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, रोज ठरलेला एक तास घरांतील दूरदर्शनचा संच व हातांतील मोबाईल बंद ठेवावा, आणि त्या तासांत मुलास पाण्याच्या घागरीसाठींहि उठवूं नये. याला पैसा पडत नाहीं.

आणखी एक सूचना. जें मूल फळ्यावरील आंकडे चुकीचे उतरून घेतें, पुस्तक नाकाशीं धरतें किंवा हांक मारली असतां ओ देत नाहीं, त्यास मठ्ठ म्हणण्यापूर्वीं त्याचे डोळे व कान तपासून घ्यावे. रुग्णालयांनीं भरलेल्या मिरजेंत तरी याला सबब नाहीं.

आतां माणसाविषयीं. आंबेडकर मॅट्रिक झाले, त्या वेळीं कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांचें त्यांच्याकडे लक्ष होतें. बागेंत बसून एकटाच वाचीत राहणारा हा मुलगा त्यांनीं आधींच हेरला होता. त्यांनीं त्याचें कौतुक करून स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यास भेट दिलें, एवढ्यावरच ते थांबले नाहींत. पुढें कॉलेजचा खर्च वडिलांस झेपेना, तेव्हां बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडे त्यांनीं शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. १९१२ मध्यें आंबेडकर बी. ए. झाले. केळूसकरांनीं केलेलें काम पाहिलें तर तें तिहेरी होतें: मुलगा वाचतो हें पाहिलें, त्यास वाचावयास दिलें, आणि अडचण आली तेव्हां योग्य दारापर्यंत त्याची गोष्ट नेली. असामान्य बुद्धि सर्वांस मिळत नाहीं; पण केळूसकरांसारखी विचारपूस मात्र कोणासहि करतां येते. नववी-दहावींतील प्रत्येक विद्यार्थ्यानें सहावी-सातवींतील एक मूल आपलें मानावें. आठवड्यांतून एकदां त्याची वही पाहावी, काय वाचलेंस म्हणून विचारावें, आपलीं जुनीं पुस्तकें त्यास द्यावीं. जो शिकवितो तो स्वतः दुसऱ्यांदा शिकतो, हा त्याचा लाभ निराळाच.

शेवटीं माहितीची गोष्ट. येथें आमच्याच तालुक्याचा एक अभिमानाचा दाखला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७-१९५९) स्वतः कोल्हापुरास बोर्डिंगांत राहून इंग्रजी शाळा शिकले, पण मॅट्रिकपर्यंत पोहोंचले नाहींत. १९१० च्या सुमारास मिरज तालुक्यांतील दुधगांव येथें त्यांनीं सहकाऱ्यांसह सर्व जातींच्या मुलांसाठीं विद्यार्थी आश्रम काढला. १९१९ मध्यें कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह निघालें, आणि १९२७ मध्यें महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस हें नांव मिळालें. १९३५ मध्यें शिक्षक तयार करणारें ट्रेनिंग कॉलेज, १९४० मध्यें महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्यें छत्रपति शिवाजी कॉलेज, असा हा क्रम आहे. हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. वसतिगृह आधीं आलें आणि कॉलेज तेवीस वर्षांनीं. खेड्यांतील मुलाला प्रथम राहावयास जागा, दोन वेळां भाकरी आणि स्वतःच्या श्रमानें ती मिळविण्याची सोय पाहिजे, हें भाऊरावांनीं ओळखलें होतें. मुलें शेतांत व बांधकामावर राबून शिकलीं, आणि त्यांस त्याची लाज वाटली नाहीं.

आज सोयी त्या काळाहून पुष्कळ आहेत; उणीव आहे ती त्या वेळेवर कळण्याची. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्तीची परीक्षा आठवींत देतां येते. ज्यांच्या पालकांचें वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नाहीं आणि जीं मुलें सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेंत शिकतात, त्यांच्यासाठीं ती आहे. उतरणाऱ्यांपैकीं निवड झालेल्यांस नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात. या परीक्षेस बसण्यासाठीं सातवींत किमान ५५ टक्के गुण लागतात (अनुसूचित जाति-जमातींस ५० टक्के). म्हणजे सातवींतील आळसाची किंमत येथें रुपयांत मोजली जाते! राज्य परीक्षा परिषदेचीहि शिष्यवृत्ति परीक्षा असते. तिच्या इयत्ता वेळोवेळीं बदलल्या आहेत, म्हणून शाळेंत विचारून घ्यावें. आपल्या जिल्ह्यांत पलूस येथें जवाहर नवोदय विद्यालय आहे. तेथें सहावीसाठीं पांचवींत, आणि रिकाम्या जागांवर नववीसाठीं आठवींत प्रवेशपरीक्षा देतां येते. समाजकल्याण खात्याचीं वसतिगृहें आहेत. मुलींच्या मोफत पासाची गोष्ट वर आलीच आहे. शिवाय जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलें. “मुलीला इतकें शिकवून खर्च कोण करणार?” या प्रश्नास आतां बऱ्याच घरीं उत्तर देतां येईल.

कागदपत्रांकडेहि आतांच पाहावें. शाळेच्या पटावरील नांव, आडनांव व जन्मतारीख आधार कार्डाशीं व जन्मदाखल्याशीं जुळते काय, तें सातवींतच तपासावें. दहावीच्या प्रमाणपत्रावर छापली गेलेली चूक दुरुस्त करण्यास फार खेटे पडतात. उत्पन्नाचा व जातीचा दाखला, आणि राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षण घ्यावयाचें असल्यास जातवैधतेचें प्रमाणपत्र, यांना वेळ लागतो. प्रवेशाच्या आठवड्यांत कचेरीच्या पायऱ्यांवर बसून रडणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत.

कॉलेजाविषयीं दोन शब्द लिहून लेख आंवरतों. १९१९ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें विलिंग्डन कॉलेज काढलें, त्यापूर्वीं या भागांतील मुलास कोल्हापूर किंवा पुणें गांठावें लागे. १९४७ मध्यें विश्रामबागेंत अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. तेंच पुढें वालचंद महाविद्यालय झालें. १९६२ मध्यें कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें. मिरजेस शासकीय तंत्रनिकेतन आहे, तेथें दहावीनंतरच जातां येतें. इतक्या संस्था जवळपास असूनहि आमच्या पुष्कळ मुलांनीं त्यांचें फाटक ओलांडलेलें नाहीं. ज्या इमारतींत आपण कधीं पाऊल टाकलें नाहीं, ती आपल्यासाठीं आहे असें मनास वाटत नाहीं. पालकांनीं सातवींतल्या मुलास एखाद्या रविवारीं विलिंग्डनच्या झाडांखालून फिरवून आणावें. तेथें शिकणाऱ्या गांवच्याच एखाद्या मुलाशीं वा मुलीशीं त्याची गांठ घालून द्यावी. डॉक्टर व इंजिनीयर या दोन शब्दांपलीकडेहि शिक्षक, परिचारिका, वाद्यांचे कारागीर, शेतकीचे पदवीधर, यंत्रांचे कारागीर असे मार्ग आहेत, हें त्यास तेथेंच कळेल.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आम्हीं आमच्याकडून यंदा दोन गोष्टी ठरविल्या आहेत. जूनमध्यें शाळा उघडेल त्या पहिल्याच आठवड्यांत सहावीच्या प्रत्येक मुलास न शिकविलेलें एक पान द्यावयाचें आणि चार वाक्यें लिहून घ्यावयाचीं. कोणास मारण्यासाठीं नव्हे, तर आम्हांस कोठून आरंभ करावयाचा तें कळण्यासाठीं. आणि सातवीचा दाखला देतांना प्रत्येक मुलास विचारावयाचें: “पुढें कोणत्या शाळेंत जाणार? कसा जाणार?” या दोन प्रश्नांची उत्तरें मिळाल्याशिवाय दाखल्यावर सही करावयाची नाहीं. तुम्हीहि आपल्या शेजारच्या घरीं हेच दोन प्रश्न विचारा. एखाद्या घरीं तरी तुम्हांस असें ऐकूं येईल कीं, “आमची पोर यंदा घरींच राहणार.” तेथें थोडा वेळ बसा, आणि कारण विचारून घ्या.